वजा होणारी घरघर

नॉइज कॅन्सलिंग हेडफोन नव्यानं घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. हेडफोन चढवला, बटण दाबलं, तरी कुकरची शिट्टी ऐकू आली, शेजारच्या टेबलावरचं बोलणं कळलं, रस्त्यावरचा हॉर्नही आत शिरला. मग कॅन्सल काय झालं? हेडफोन तीन-चार हजारांचा असेल तर संशय लगेच किमतीवर जातो: स्वस्तातला घेतला, म्हणून फसलो. यात दोष थोडासा हेडफोनचा असतो आणि बराचसा जाहिरातींचा. जाहिरातीतला माणूस गजबजलेल्या चौकात हेडफोन घालतो आणि सगळं जग मुकं होतं. असं कुठलाच हेडफोन करत नाही, तीस हजारांचाही नाही. तो करतो ते काम निराळं आहे आणि माझ्या मते जास्त मोलाचं आहे. डोक्यावरच्या पंख्याची, एसीची, एसटीच्या इंजिनाची, लोकलच्या चाकांची अखंड घरघर तो कानाच्या पडद्यापर्यंत पोचण्याआधी वजा करतो. आणि नेमक्या याच कामात स्वस्त आणि महाग हेडफोनांमधलं अंतर सगळ्यात कमी आहे.

असं का, हे समजायला थोडं भौतिकशास्त्र लागतं. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. शाळेत आपण संपीडन आणि विरलन शिकलो ते हेच. हवेचे कण जवळ येतात तिथे दाब वाढतो, विरळ होतात तिथे घटतो. हेडफोनच्या बाहेरच्या बाजूला बसवलेला इवलासा माइक हा चढउतार टिपतो, आतली चिप त्याचं गणित करते आणि स्पीकर त्याच्या नेमका उलटा चढउतार कानाजवळ सोडतो. बाहेरचा दाब वाढतो तेव्हा हा घटवतो, बाहेरचा घटतो तेव्हा हा वाढवतो. दोन्हींची बेरीज होऊन पडद्यापाशी फारच थोडं उरतं. याला अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन म्हणतात. खोक्यावर आणि दुकानदाराच्या तोंडी ते एएनसी असतं.

कल्पना सोपी आहे, अडचण वेळेची आहे. चालता झोपाळा हातानं थांबवायचा तर तो आपल्याकडे येत असतानाच उलट रेटा द्यावा लागतो. क्षण चुकला तर आपलाच हात त्याला आणखी झोका देतो. झोपाळा संथ असेल तर क्षण साधायला सवड मिळते, वेगात असेल तर मिळत नाही. १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभरदा हेलकावणारा जाड आवाज घ्या. त्याचा एक हेलकावा १० मिलिसेकंदांचा. हा आवाज २० डेसिबलनं कमी करायचा, म्हणजे दाबाचा चढउतार दहाव्या हिश्शावर आणायचा, तर उलट्या लहरीच्या वेळेत हेलकाव्याच्या साधारण साठाव्या भागापेक्षा जास्त चूक चालत नाही. १०० हर्ट्झला ही मुभा ०.१६ मिलिसेकंदांची होते, आणि चिपसाठी ती ऐसपैस आहे. १,००० हर्ट्झला मात्र ती दहापट घटते. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम साडेपाच मिलिमीटर पुढे जातो. ५,००० हर्ट्झला उरतो सुमारे एक मिलिमीटर. डोकं जरा वळवलं, हेडफोन किंचित सरकला, तरी मिलिमीटरचा हिशेब मोडतो. चूक हेलकाव्याच्या सहाव्या भागापर्यंत गेली की फायदा शून्यावर येतो आणि त्यापुढे उलटी लहर मूळ आवाजात भरच घालते. म्हणून जाणकार रचनाकार साधारण एक हजार हर्ट्झच्या आसपास एएनसीचा हात आखडता घेतात. त्यावरचे पातळ, तीक्ष्ण आवाज अडवायचं काम कानाभोवतीच्या जाड कुशनवर किंवा बड्सच्या रबरी टोपीवर सोडलेलं असतं. त्यात इलेक्ट्रॉनिक्सचा काही संबंध नसतो.

पंखा, एसी, फ्रिज, बस, विमान यांच्या आवाजाचा मोठा भाग जाड, सलग आणि एकसुरी असतो. म्हणजे गणिताच्या दृष्टीनं जे सगळ्यात सोपं, तेच आपल्या रोजच्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळ वाजत असतं. कुकरची शिट्टी उंच पट्टीची आणि अचानक येणारी. ब्रेकची किंचाळी तशीच. तिथे महागडी चिपसुद्धा फार काही करू शकत नाही.

माणसाच्या बोलण्याचं प्रकरण मधलं आहे. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता साधारण १००-१३० हर्ट्झ, बाईची २०० हर्ट्झच्या आसपास. हा भाग एएनसी बऱ्यापैकी कापतो. पण बोलणं कळतं ते व्यंजनांमुळे, आणि ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ यांची ओळख पटवणारा भाग कित्येक हजार हर्ट्झवर असतो. तो तसाच आत येतो. म्हणून एएनसी लावल्यावर शेजाऱ्याचा आवाज बारीक, पोकळ होतो. शब्द मात्र सुटत नाहीत. ऑफिसातल्या गप्पांपासून सुटका हवी म्हणून कुणी स्वस्त एएनसी हेडफोन घेणार असेल तर त्याची निराशा होईल. ‘स्वस्त’ हा शब्द काढून टाकला तरी ती बऱ्याच अंशी होईलच. महाग हेडफोन चांगले ठरतात ते याच मधल्या पट्ट्यात, साधारण ३०० ते १,००० हर्ट्झमध्ये. जास्त माइक, जलद चिप आणि उत्तम कुशन यांच्या जोरावर ते तिथून आणखी काही डेसिबल काढतात. त्या थोड्या डेसिबलसाठी पाचपट पैसे मोजायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे.

कल्पना जुनी आहे. पॉल ल्युग या जर्मन संशोधकानं १९३३ मध्ये उलट्या लहरीनं आवाज मिटवण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्याला अमेरिकी पेटंटही मिळालं. त्या काळच्या निर्वात नळ्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला हे काम पेलणारं नव्हतं. ते माणसाच्या डोक्यावर आणण्याचं बरंच श्रेय अमर बोस यांना जातं. त्यांचे वडील ननी गोपाल बोस बंगालमधले क्रांतिकारक. ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यातून सुटून ते अमेरिकेत गेले. अमर यांचा जन्म १९२९ मध्ये फिलाडेल्फियात झाला. ते एमआयटीत शिकले, पुढे तिथेच चार दशकांहून अधिक काळ शिकवत राहिले आणि १९६४ मध्ये त्यांनी आपली कंपनी काढली. १९७८ मध्ये झ्युरिकहून बॉस्टनला येताना विमानात मिळालेल्या हेडफोनवर संगीत ऐकू लागले, तर इंजिनाच्या घरघरीत त्याची सगळी चव गेली होती. उरलेल्या प्रवासात त्यांनी वहीवर गणित मांडलं. कंपनीला त्यावर दहा वर्षांहून जास्त काम करावं लागलं. १९८६ मध्ये डिक रुटन आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून कुठेही न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा नऊ दिवसांच्या त्या कर्णकर्कश प्रवासात कान वाचवायला बोस यांचे प्रायोगिक हेडसेट सोबत होते. १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला आणि सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्वाएटकम्फर्ट’ २००० मध्ये. २०११ मध्ये बोस यांनी कंपनीचे बहुसंख्य समभाग एमआयटीला देऊन टाकले. दोन वर्षांनी ते गेले.

वैमानिकाच्या कॉकपिटातली ही वस्तू कॉलेजच्या पोराच्या सॅकमध्ये कशी आली? मुख्यतः मोबाइलमुळे. मोबाइलसाठी सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म माइक अफाट संख्येनं बनू लागले आणि त्यांची किंमत कोसळली. दुसरीकडे ब्लूटूथ, ध्वनीचं गणित आणि एएनसी ही तिन्ही कामं एकाच चिपमध्ये मावू लागली. अमेरिकेची क्वालकॉम, तैवानची एअरोहा, शांघायची बेस्टेक्निक अशा कंपन्या अशा तयार चिप विकतात. हेडफोन बनवणाऱ्यानं त्याभोवती स्पीकर, बॅटरी आणि प्लॅस्टिक जुळवायचं. २०१९ मध्ये अ‍ॅपलचे एअरपॉड्स प्रो आले आणि इवल्याशा बड्समध्येही एएनसी असावं ही अपेक्षा सर्वांची झाली. आज बोट, नॉइज, मिवी अशा भारतीय कंपन्यांचे एएनसी बड्स दोन हजारांच्या आगेमागे मिळतात, आणि पाच ते दहा हजारांत कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन येतात.

आता मला ज्याबद्दल मनापासून सांगायचं आहे ते. एएनसीचा सगळ्यात मोठा फायदा शांतता हा नाही. आवाजाची पट्टी खाली आणता येणं हा आहे.

लोकलमध्ये साधा इअरफोन घालून गाणं ऐकणाऱ्याकडे बघा. गाणं ऐकू यायला हवं तर ते डब्यातल्या गोंगाटाच्या वर चढवावं लागतं. डब्यात ८० डेसिबल असतील तर हात आपोआप ८८-९० पर्यंत जातो, आणि जातोय हे त्याला कळतही नाही, कारण त्या गोंगाटात ते मोठं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अशी आहे: प्रौढ माणसानं ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकलं तर चालतं. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुभा निम्मी होते, कारण दर ३ डेसिबलला कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते. ८३ ला २० तास, ८६ ला दहा, ९० ला जेमतेम चार तास, आणि १०० डेसिबलला आठवड्यात फक्त २० मिनिटं. कल्याणहून मुंबईला नोकरीला जाणारा माणूस जाऊन-येऊन रोज अडीच तास गाडीत असतो. सहा दिवसांचे पंधरा तास झाले. ९० डेसिबलला ऐकत असेल तर मंगळवारी संध्याकाळी घरी पोचण्याआधीच त्याचा आठवड्याचा कोटा संपलेला असतो. तेच ऐकणं ८० वर आणलं तर पंधरा तासांचा प्रवास मर्यादेत सहज बसतो. गाणी तीच, माणूस तोच, गाडी तीच. कानाच्या आतल्या शंखाकृती भागात जन्मतः सोळा हजारांच्या आसपास केशपेशी असतात आणि एकदा मेलेली केशपेशी माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाही. म्हणून या दहा डेसिबलचं मोल मला गाण्याच्या गुणवत्तेपेक्षा कितीतरी जास्त वाटतं.

घरघर गेल्यानं आवाज कमी करता येतो, यामागे कानाचा आणखी एक गुण आहे. जाड आवाज त्याच्याहून पातळ आवाजांना झाकून टाकतो. उलट दिशेनं हे झाकणं बरंच कमी होतं. म्हणजे बसच्या इंजिनाची १००-२०० हर्ट्झची घरघर फक्त तबल्याच्या डग्ग्यालाच गिळत नाही, ती वरच्या पट्टीतले गायकाचे शब्दही पुसट करते. ती खालची घरघर काढली की वरचं सगळं आपोआप उजळतं, आणि तेही आवाज न वाढवता. विमानात एएनसी लावल्यावर हवाई सुंदरीचं बोलणं आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं, ते यामुळेच. पॉडकास्ट किंवा ऑडिओबुक ऐकणाऱ्यांना हा फायदा सर्वात जास्त जाणवतो, कारण त्यांना फक्त शब्द हवे असतात.

फायदा मिळायचा तर एक काम मात्र हातानं करावं लागतं: एएनसी सुरू केल्यावर आवाज खाली आणणं. पुष्कळ लोक ते करतच नाहीत. सवयीची पट्टी तशीच राहते, घरघर गेल्यामुळे गाणं आणखी ठसठशीत होतं, आणि कानाला व्हायचा तो त्रास होतोच. एएनसी लावल्याबरोबर आवाज दोन-तीन पायऱ्या उतरवायचा आणि मिनिटभर थांबायचं. सुरुवातीला कमी वाटतो, मग कान जुळवून घेतो. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची पातळी आणि आठवड्याचा हिशेब दाखवणारी सोय असते, ती एकदा उघडून पाहावी. तशी सोय नसेल तर कमाल आवाजाच्या ६० टक्क्यांच्या वर न जाणं ही साधी मर्यादा पाळावी. मुलांसाठी मर्यादा आणखी कडक आहे: ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास.

काहीही न वाजवता, नुसतं एएनसी लावून बसणारेही खूप आहेत. पुण्यात सदाशिव पेठ-नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धापरीक्षेची मुलं अशी बसलेली दिसतात. तिथे बोलणं कमीच असतं. त्रास असतो तो पंख्यांच्या रांगेचा आणि एसीचा. तो सलग आवाज दिवसभर कानावर असला की माणूस थकतो, आणि तो बंद झाला की आपण थकलो होतो हे कळतं. या वापराला दोन-अडीच हजारांचा हेडफोनही पुरेसा ठरू शकतो. फक्त त्याचा स्वतःचा सूक्ष्म ‘स्स्स’ आवाज ऐकून घ्यावा. माइक आणि सर्किट यांचा हा गुणदोष स्वस्त मॉडेलमध्ये अधिक असतो. गाणं चालू असताना तो बुडून जातो, शांत खोलीत मात्र जाणवतो. काहींना एएनसी लावल्यावर कानावर दाब आल्यासारखं वाटतं, विमान चढताना वाटतो तसा. खरा दाब काही वाढत नाही. खालच्या पट्टीचे आवाज एकदम नाहीसे झाले की मेंदू त्याचा अर्थ दाबातला फरक असा लावतो, असं स्पष्टीकरण दिलं जातं. बहुतेकांची ही जाणीव काही दिवसांत जाते. ज्यांची जात नाही त्यांनी एएनसीची पातळी कमी करावी, किंवा सरळ साधा हेडफोन वापरावा. उगाच सोसू नये.

जिथे एएनसीवर अवलंबून राहू नये अशा जागाही आहेत. गणेशोत्सवातल्या ढोल-ताशा पथकात वाजवणाऱ्यांनी एएनसी बड्स घालून कान सुरक्षित आहेत असं समजू नये. ताशाचा प्रत्येक टोला अचानक उसळणारा आणि उंच पट्टीचा. उलटी लहर तयार व्हायच्या आत तो कानात शिरलेला असतो. इतक्या मोठ्या आवाजासमोर छोटा माइक आणि छोटा स्पीकर यांची ताकदही अपुरी पडते. तिथे हवेत औषधाच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळणारे फोमचे बोळे, नीट पिळून कानात खोल बसवलेले. ग्राइंडरवर काम करणाऱ्या कारागिरालाही तेच, किंवा कारखान्यातले जाड कर्णरक्षक.

रस्त्यावरचा आणि रुळांजवळचा धोका तर याहून गंभीर आहे, आणि तो एएनसीच्या अपयशातून येत नाही, यशातून येतो. मागून येणाऱ्या बसचं, ट्रकचं, गाडीचं अस्तित्व आपल्याला आधी कळतं ते खालच्या पट्टीच्या घरघरीनं. लोकल जवळ येताना रुळांतून उठणारा धडधडाट हाही तसाच जाड आवाज. म्हणजे जीव वाचवणारी सूचना ज्या पट्टीत येते, नेमकी तीच पट्टी हे यंत्र सफाईनं पुसतं. साधे इअरफोन घालून रूळ ओलांडणंही जिवावर बेतणारं आहे आणि गुन्हा तर आहेच, पण एएनसी लावून ते करणाऱ्याला गाडीची चाहूलच लागत नाही. जिना, प्लॅटफॉर्मची कड, सिग्नल, सायकल, दुचाकी या सगळ्या ठिकाणी एएनसी बंद असावं. बहुतेक हेडफोनांमध्ये आता बाहेरचा आवाज मुद्दाम आत सोडणारी ट्रान्सपरन्सी नावाची सोय असते. पुढील स्टेशन कुठलं ही घोषणा ऐकायला ती उत्तम आहे. स्वस्त मॉडेलमध्ये तिच्यातून येणारा आवाज जरा यांत्रिक असतो आणि दिशा नीट कळत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडताना तिच्याही भरवशावर राहू नये.

घोंघावणारा वारा हाही एएनसीचा शत्रू. लोकलच्या दाराजवळ किंवा एसटीच्या उघड्या खिडकीपाशी वारा थेट बाहेरच्या माइकवर आपटतो, चिपला तो मोठा आवाज वाटतो आणि ती त्याचा उलटा आवाज कानात ओतते. काही मॉडेलमध्ये त्यासाठी वेगळी सेटिंग असते. नसेल तर आतल्या बाजूला सरकून बसणं हा खात्रीचा उपाय.

दुकानात गेल्यावर सगळ्यात मोठी फसगत होते ती एका अक्षरानं. खोक्यावर ‘ईएनसी’ लिहिलेलं असतं आणि विक्रेता तेच नॉइज कॅन्सलेशन म्हणून सांगतो. ईएनसी ही बोलण्याच्या माइकची सोय आहे: फोनवर समोरच्या माणसाला आपल्याभोवतीचा गोंगाट कमी ऐकू जावा यासाठी. आपल्या कानाला तिचा काहीही उपयोग नाही. हवं ते एएनसीच. त्यातही ‘हायब्रिड’ लिहिलं असेल तर बाहेर एक आणि आत कानाजवळ एक असे दोन्हीकडे माइक आहेत असा अर्थ. आतला माइक कानापाशी प्रत्यक्षात काय उरलं ते ऐकतो आणि चूक सुधारतो, त्यामुळे हा प्रकार शक्यतो घ्यावा. ‘५० डेसिबलपर्यंत’ अशा आकड्यांना मात्र फार भुलू नये. ‘पर्यंत’ म्हणजे एखाद्या सोयीच्या कंप्रतेला मिळालेली सर्वोत्तम घट. सगळ्या आवाजांवरची सरासरी त्याहून बरीच कमी असते. दोन कंपन्यांनी ही घट एकाच रीतीनं मोजलेली असेल याचीही खात्री नसते.

त्यापेक्षा दुकानातल्या एसीखाली किंवा पंख्याखाली उभं राहून, काहीही न वाजवता, एएनसी चालू-बंद करून पाहावं. फरक लगेच कळतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालावा, कारण काडीमुळे कुशनखाली जी बारीक फट राहते तिच्यातून जाड आवाजच आधी आत येतो. बारीक, लवचिक काडी आणि मऊ, जाड कुशन असेल तर नुकसान कमी होतं. मोठी कर्णफुलं, झुबे, कानामागे घट्ट बांधलेले केस यांचंही तेच. दहा मिनिटं डोक्यावर ठेवून बघावा. वजनाचा काच लगेच जाणवत नाही. सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच७२०एन या मॉडेलचं वजन १९२ ग्रॅम आहे, आणि कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनसाठी ते खूपच हलकं आहे. अडीचशे ग्रॅमच्या पुढचे हेडफोन सर्रास मिळतात. सलग तीन-चार तास घालणाऱ्याला हा फरक चार डेसिबलच्या फरकापेक्षा मोठा ठरतो.

हेडफोन की बड्स, याचं उत्तर आपल्या हवेत दडलेलं आहे. मे महिन्यात विरार लोकलमध्ये कान झाकणारा हेडफोन घालणं म्हणजे कानांभोवती घाम साठवणं. प्रवासाला बड्स सोयीचे, फक्त रबरी टोप्यांच्या खोक्यात मिळणाऱ्या तिन्ही आकारांतून आपल्या कानात हवाबंद बसणारा आकार शोधायला हवा. टोपी सैल असेल तर एएनसी निम्म्याहून निकामी. टोपीच नसलेले, कानात नुसते अडकवायचे बड्स एएनसीसाठी घेऊ नयेत. पावसाळ्यात दमट कानात बड्स तासन्‌तास ठेवले तर बुरशीचा त्रास होऊ शकतो. मधूनमधून काढून कान कोरडा होऊ द्यावा. घरी, ऑफिसात, अभ्यासिकेत मी मोठ्या हेडफोनच्याच बाजूचा आहे.

त्याला बॅटरीचंही कारण आहे. लिथियम-आयन बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जनंतर थकू लागते. मोठा हेडफोन एएनसी लावून एका चार्जमध्ये तीस तास चालतो, बड्स पाच-सहा तास. चारशे चार्ज धरले तर हेडफोनला बारा हजार तास मिळतात, बड्सना दोन हजार ते चोवीसशे. रोज तीन तास वापरणाऱ्याचे बड्स दोन वर्षांच्या आसपास दमायला लागतात, ते यामुळे. उष्णतेनं हे आणखी लवकर होतं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन्हींपैकी काहीच ठेवू नये.

फोनवर बोलताना संगीताचा दर्जा एकदम पडला तर हेडफोन बिघडला असं समजू नये. ब्लूटूथवर माइक सुरू झाला की बहुतेक फोन आणि लॅपटॉप जुन्या, कमी माहिती वाहणाऱ्या पद्धतीवर जातात. लांबलचक ऑनलाइन मीटिंग असेल तर लॅपटॉपचाच माइक निवडावा, म्हणजे ऐकू येणारा आवाज सुधारतो. ब्लूटूथमुळे आवाज सेकंदाच्या एक-दोन दशांशानं उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण मोबाइलवरच्या तबल्याबरोबर रियाज करणाऱ्याला किंवा कीबोर्ड वाजवणाऱ्याला लगेच खटकतं. त्यांनी वायर लावायची जागा असलेलाच हेडफोन घ्यावा.

स्वस्त हेडफोन हा शांततेच्या हक्काला पर्याय आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. मुंबईत सुमैरा अब्दुलाली आणि त्यांचं आवाज फाउंडेशन वर्षानुवर्षं हातात मीटर घेऊन उत्सव, बांधकामं आणि वाहतूक यांचे आवाज मोजत आले आहेत, प्रशासनाला जाब विचारत आले आहेत. ज्या बाळाला, आजीला, आजाऱ्याला हेडफोन घालता येत नाही त्यांचे कान त्या कामावरच अवलंबून आहेत.

हेडफोन टिकवायचा तर लक्ष ठेवायचं ते कुशनवर. स्वस्त हेडफोनांचं कुशन बहुधा पॉलियुरेथेनच्या कृत्रिम चामड्याचं असतं आणि दमट हवेत पाण्याच्या अंशानं ते रासायनिकरीत्या विघटित होतं. मुंबई, कोकण, गोव्यात एक-दोन पावसाळ्यांत त्याचे काळे पापुद्रे गालाला चिकटू लागतात. वापरून झाल्यावर कोरड्या कापडानं पुसणं, ओल्या छत्रीबरोबर बॅगेत न कोंबणं, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवणं यानं आयुष्य वाढतं. बड्सच्या जाळीत मळ साचला तर आतल्या माइकला नीट ऐकू येत नाही आणि एएनसी कमकुवत होतं. ती जाळी कोरड्या मऊ ब्रशनं साफ करावी. कुशन फाटलं की घरघर आत येऊ लागते, आणि लोकांना वाटतं एएनसी गेलं. चिप बहुतेक वेळा ठणठणीत असते. म्हणून घेतानाच त्या मॉडेलचे कुशन सुटे मिळतात का, हे विचारून ठेवावं. काही शे रुपयांची नवी जोडी बसवली की जुना हेडफोन पुन्हा पहिल्याइतकी घरघर कापायला लागतो.